दोन आवर्तनं रिकामी गेली

साल दोन हजार तेवीस. माझं वय शहात्तर. या वयात लोक काशी-रामेश्वर करतात. मी दुसरबीडहून बुलढाण्याला गेलो, नाटक पाहायला. माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या आत पोचतो. मला जाऊन-येऊन तीन दिवस लागले, कारण मी सरळ गेलो नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. छापलेलं वाचतो, लिहिताना अक्षर मोठं येतं. चुका काढायच्या असतील त्यानं आधी एक प्रवास स्वतः लिहून दाखवावा.

कारण असं झालं. चौकातल्या चहाच्या हॉटेलात भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. ‘संगीत शाहीर माधव’. बुलढाणा, रविवार, दुपारी तीन. खाली लिहिलं होतं, लेखक पाठक गुरुजी. मी तो कागद दोनदा वाचला. हॉटेलवाला म्हणाला, “बाबा, चहा गार होऊन राह्यला.” मी म्हटलं, “होऊ दे.”

पाठक गुरुजी आमच्या गावच्या शाळेवर होते. ते नाटक त्यांनी आमच्यासाठीच लिहिलं. गोऱ्या साहेबाच्या राज्याविरुद्ध रान पेटलं त्या काळातली गोष्ट. माधव हा कवी. त्याची गाणी गावोगाव म्हटली जातात म्हणून पोलीस मागावर. तो मळ्यातल्या खोपटात लपतो. पाटलाची मुलगी रेवा पदराखाली भाकर झाकून आणते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघांची ताटातूट होते, तिसऱ्यात त्याला घाटात गोळी लागते. मग त्याचं गाणं सगळ्या मुलखाच्या तोंडी होतं, आणि एकट्या रेवाला ते म्हणवत नाही.

तो माधव मी होतो. चार वर्षं, गावच्या जत्रेत.

मला घेतलं ते आवाजावरून. गुरुजींचं पळतं अक्षर मला लागत नव्हतं. मी औत हाकायचो आणि गुरुजी बांधावर बसून वाचून दाखवायचे. फक्त माझीच वाक्यं. समोरच्या माणसाच्या बोलण्यातला फक्त शेवटचा शब्द सांगायचे. तो कानावर पडला की आपण सुरू करायचं, तोवर तोंड बंद. खेड्यातली नाटकं अशीच बसायची. त्यामुळे खरं सांगतो, ज्या नाटकात मी चार वर्षं मेलो ते नाटक मला पुरतं ठाऊक नाही. अर्धं ठाऊक आहे, आणि उरलेल्या अर्ध्याच्या नुसत्या शेपट्या.

रेवा व्हायला गावातली बाई मिळत नसे. नटी बाहेरून आणायचे. आमची नटी अकोल्याहून यायची. कुमुद तिचं नाव. नाटकाच्या दिवशी दुपारच्या गाडीनं उतरायची, सोबत पत्र्याची पेटी आणि एक मावशी. शाळेच्या खोलीत अर्धा तास तालीम. “पट्टी कोणती?” एवढं ती विचारायची. रात्री नाटक, सकाळी परत अकोला. म्हणजे वर्षातून एक दिवस. चार वर्षांचे चार दिवस. माझा फेटा तीच बांधायची, कारण गावातल्या कोणी बांधला तर तो दुसऱ्या अंकात सुटायचा. फेटा बांधताना पहिल्या वर्षी काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाली, “शेतात काय पेरलं?” तिसऱ्या वर्षी म्हणाली, “तुमच्या आईच्या हातचा ठेचा आहे का?” मी घरी पळत जाऊन आणला. तिला खोकला लागला आणि मावशीनं मला शिव्या दिल्या.

चौथ्या वर्षी ते झालं. दुसऱ्या अंकाचा शेवट. तिनं म्हणायचं, “दिवा विझव, माधव,” आणि ‘माधव’ आलं की मी गाणं उचलायचं. ती खोपटाच्या दाराशी उभी. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी थांबू का?”

माझा शब्द नव्हता तो. मी गप्प उभा राहिलो. मला वाटलं, अजून पुढं आहे. ती पुन्हा म्हणाली, “मी थांबू का?” मी ‘माधव’ची वाट पाहत होतो. मग ती म्हणाली, “दिवा विझव, माधव.” मी गायलो.

लोकांनी वन्स मोर दिला. आमच्याकडे वन्स मोर आला की तेवढा भाग पुन्हा करावाच लागतो, मेलेला माणूसही उठतो. पुन्हा केला. या खेपेला ती सरळ म्हणाली, “दिवा विझव, माधव.” ते वाक्य म्हटलंच नाही.

सकाळच्या गाडीनं गेली. उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली, नाटक बंद पडलं. मग माझं लग्न झालं. कौसल्येवर माझी माया होती, तिला जाऊन आठ वर्षं झाली तरी ताटाला बसलो की ती नाही हे कळतं. त्यात खोट नाही. पण हे वेगळं होतं. ते वाक्य नाटकातलं होतं की तिचं? एकदा म्हटलं आणि एकदा नाही, मग चुकून काय झालं, म्हणणं की न म्हणणं? अकोल्याला जाऊन विचारता आलं असतं. पण मी सव्वीस वर्षांचा गडी, नटीचा पत्ता विचारत हिंडणार? आणि ते नाटकातलंच निघालं असतं तर ती तोंडावर हसली असती. मी नाही गेलो. पन्नास वर्षं तसंच राहिलं.

आता नाटक पुन्हा लागणार होतं. समोर बसून ऐकलं की कळणार होतं. एवढ्यासाठी मी निघालो. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. सून म्हणाली, “दात कुठं आहेत?”

देऊळगाव राजा

शनिवारी सकाळी निघालो. गाडीत कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. म्हणाला, “पंच्याहत्तरच्या वर फुकट आहे, बाबा.” मी म्हटलं, “आजवर तिकीट काढूनच फिरलो, तसाच जाईन.” तो म्हणाला, “मशीनच घेत नाही. मी काय करू?” त्यानं शून्य रुपयांचा कागद फाडून दिला. मागची एक बाई म्हणाली, “घ्या की, सरकारचं काय जाते.” मी कागद घेतला, पण सिंदखेड राजापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो. शेतात कापसाची पहिली वेचणी चालली होती. तूर फुलावर होती. आपल्या गावची तूर आणि दुसऱ्याच्या गावची तूर, पाहताना आपलीच बरी वाटते, ती तशी नसली तरी.

देऊळगावला उतरलो ते रहीमसाठी. रहीम आमचा तबलजी. बापजाद्यांपासून त्यांचा बॅंडचा धंदा, देऊळगावहून आमच्या जत्रेला यायचा. त्या रात्री माझ्यापासून चार हातांवर बसलेला जिवंत माणूस आता तोच. आधी बालाजीचं दर्शन घेतलं, मग गल्ली विचारत त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर उन्हात बसला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

“किसन्या? तू जिता आहे का बे?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

“बस. कवी आला म्हणून सांगतो आत.” आत ओरडून म्हणाला, “बेटी, माधव आला. ज्याले मी तबल्यावर गोळी वाजवून चार खेपा मारला तो.”

त्याच्या सुनेनं जेवायला वाढलं. खिचडी आणि चिंचेचा खट्टा. आमच्या घरी खिचडी म्हणजे आजारी माणसाचं जेवण. त्यांच्याकडे पाहुण्याला करतात, आणि खट्ट्यात तीळ वाटून घालतात. मी तीनदा घेतलं. रहीम म्हणाला, “दात नाही, भूक हाय.”

जेवून झाल्यावर मी विषय काढला. “ती शेवटची जत्रा. दुसऱ्या अंकाचा शेवट. कुमुद काय म्हणाली होती, याद आहे का?”

तो बराच वेळ मांडीवर बोटं वाजवत बसला. म्हणाला, “काय म्हणाली ते नाही याद. मी शब्दाकडे ध्यान कशाले देऊ? मी तुझ्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो, ठेका कधी टाकू म्हणून. तू तोंडच उघडे ना. दोन आवर्तनं रिकामी गेली, किसन्या. पुरी दोन. म्या हात वर धरून ठेवले. मनात म्हटलं, हे येडं आता गाते का मरते.”

“दोन?”

“दोन. तबलजीचं गणित आहे ते, खोटं नाही होत.” मग माझ्याकडे बघून हसला. “काऊन? तिच्यासाठी चालला का आता बुलढाण्याले?”

“नाटक पाहाले चाललो.”

“हाव, नाटकच पाहाले.”

मी म्हटलं, “चल सोबत.” त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. एवढंच उत्तर. रात्री त्याच्याच घरी झोपलो. सकाळी त्याच्या नातसुनेनं डब्यात खट्टा भरून दिला. गाडीत झाकण सैल झालं आणि माझ्या पिशवीतलं धुतलेलं धोतर पिवळं झालं. नाटकाला घालायचं होतं ते.

बुलढाणा

चिखलीनंतर हवा बदलते. बुलढाणा पठारावर. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी सदरा काढून बसतात, तिथं माणसं भर बारा वाजता स्वेटर घालून कोर्टासमोर चहा पिताना दिसली. स्टॅंडवर उतरलो तर चपलेचा अंगठा तुटला. झाडाखाली एक चांभार होता, त्यानं दोन टाके घातले आणि विचारलं, “कोर्टात तारीख आहे का?” त्या गावात बाहेरून आलेल्या म्हाताऱ्याला सगळे हेच विचारतात. मी म्हटलं, “नाटक आहे.” तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही करता?” मी म्हटलं, “करत होतो.” त्यानं टाका पुन्हा ओढून पक्का केला.

नळावर धोतर धुतलं, पण पिवळं गेलं नाही. ओलंच नेसलो.

नाट्यगृहात मी सगळ्यांत आधी गेलो. खुर्च्या मऊ. आमच्याकडे माणसं घरून पोतं घेऊन यायची, आणि पुढं बसण्यावरून अर्धा तास भांडणं चालायची, त्यातच नाटकाची गोडी असायची. इथं सगळे आपल्या नंबरावर गप्प. माझ्या शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क बसले. त्यांनी माझ्या धोतराकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठून आलात?” मी सांगितलं. म्हणाले, “एवढ्या लांबून? संगीत नाटक कळतं का तुम्हाला?” मी म्हटलं, “थोडं.”

पडदा वर गेला. माधव झालेला मुलगा उंच होता, दिसायला माझ्यापेक्षा चांगला. गालावर माशी बसावी तसा माईक. फेटा तयार शिवलेला, टोपीसारखा घालायचा. आवाज स्वच्छ, पण सूर लावताना तो कुठंही घाबरत नव्हता, आणि माधव घाबरलेला आहे. ‘वाट माझी रानातली, गाव तुझं दिव्यांचं’ हे पहिलं पद त्यानं धरलं तेव्हा माझे ओठ आपोआप हलायला लागले. हेडक्लार्क माझ्याकडे पाहत राहिले. गुरुजींची वाक्यं एकामागून एक येत होती. माझी होती ती मला आधीच ठाऊक होती. जी माझी नव्हती ती मी पन्नास वर्षांनी पहिल्यांदा ऐकत होतो. रेवाचं एक लांब बोलणं होतं, बाप तिचं लग्न ठरवतो आहे असं. ते कुमुद माझ्यासमोर चारदा बोलली असणार. मला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. मी फक्त शेवटचा ऐकत होतो.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. खोपटं, कंदील. रेवा दाराशी गेली. मी खुर्चीच्या हाताला धरलं. ती वळली आणि म्हणाली, “दिवा विझव, माधव.”

ते वाक्य नव्हतं.

गाणं झालं. टाळ्या झाल्या. माझ्या मनात आलं, त्या रात्रीही एकदा म्हटलं आणि एकदा नाही. पुन्हा ऐकल्याशिवाय खरं नाही. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, “वन्स मोर.”

सगळं नाट्यगृह वळलं. हेडक्लार्क म्हणाले, “अहो, बसा. हल्ली देत नाहीत.” मी बसलो नाही. पुन्हा म्हटलं, “वन्स मोर.” स्टेजवरची पोरगी विंगेत पाहायला लागली. विंगेतून कोणीतरी हात केला. पेटीवाल्यानं सूर धरला, कंदील पुन्हा लावला, आणि त्यांनी तेवढा भाग पुन्हा केला. ती वळली. “दिवा विझव, माधव.”

मी बसलो. तिसरा अंक मी पाहिला, पण मला सांगता येणार नाही कसा झाला. माधव मेला तेव्हा लोक रडत होते. मी त्याच्या फेट्याकडे पाहत होतो.

बाहेर पायऱ्यांवर एक बाई आली. पस्तिशीची, कपाळावर घाम. “वन्स मोर तुम्हीच दिलात ना?” तिनं विचारलं. ती सायली, पाठक गुरुजींची नात. कॉलेजात शिकवते, नाटक तिनंच बसवलं. “आजोबा सांगायचे, वन्स मोर नाकारायचा नाही म्हणून. आमच्या मुलांना कळेचना काय करायचं.”

मी म्हटलं, “मी किसन. दुसरबीडचा. माधव.”

तिनं माझे पाय धरले. मला ते आवडत नाही, पण गुरुजींची नात म्हणून मी काही बोललो नाही. मग मी विचारलं, “दुसऱ्या अंकात काही कापलं का? शेवटी? ‘मी थांबू का’ असं काही?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि वही घेऊन आली. जुनी, बांधलेली, गुरुजींची. दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान उघडलं. मला अक्षर लागलं नाही, म्हणून तिनं वाचलं. शाईनं लिहिलेल्या नाटकात ते वाक्य नव्हतं. पण बाजूला शिसपेन्सिलीनं, नंतर लिहिलेलं होतं: ‘कुमुदने येथे “मी थांबू का?” असे स्वतःचे घातले. परिणाम फार चांगला. पुढील वर्षी ठेवावे. माधवचे उत्तर लिहिणे.’ त्याखाली दोन ओळी कोऱ्या.

सायली म्हणाली, “उत्तर लिहिलेलंच नाही. म्हणून मी ते वाक्य घेतलं नाही.”

स्वतःचे घातले. गुरुजी हुशार माणूस. त्यांनाही ते नाटकच वाटलं.

मी टोपी काढून झटकली. तिच्यावर काही नव्हतं. विचारलं, “ती कुठं असते?”

“उन्हाळ्यात फोनवर बोलले होते मी त्यांच्याशी. अकोल्यालाच होत्या, भाचीकडे. लग्न नव्हतं केलं. श्रावणात गेल्या.” तिनं वही मिटली. “मी विचारलं होतं, दुसरबीडचं नाटक आठवतं का? किती गावांत किती नाटकं केली असतील त्यांनी. पण लगेच म्हणाल्या, ‘हो. तिथला कवी छान गायचा. पण बोलायचा नाही.’”

पायऱ्यांवरून माणसं उतरत होती. हेडक्लार्क जाताना मला म्हणाले, “येतो हं.” मी मान हलवली.

सायली म्हणाली, “पुढचा प्रयोग देऊळगाव राजाला आहे. मला ते वाक्य ठेवायचंय. पण त्यावर माधव काय म्हणतो? तुम्ही सांगा ना.”

“सकाळी सांगतो,” मी म्हटलं. तिनं घरी राहायचा आग्रह केला. मी नाही म्हटलं. स्टॅंडजवळच्या लॉजवर राहिलो. थंडी होती, धोतर अजून ओलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सात वाजता मी तिच्या घरी गेलो. ती दारात सडा टाकत होती. आत बसवलं, चहा दिला, वही आणली, पेन उघडलं. “बोला,” म्हणाली.

“लिही. थांब.”

“फक्त थांब?”

“फक्त.”

ती लिहायला वाकली आणि हात थांबला. “पण बाबा, तो थांब म्हणाला तर ती थांबेल. मग ताटातूट होणार नाही. तो घाटात जाणारच नाही. तिसरा अंक कसा होईल?”

“नको होऊ दे,” मी म्हटलं.

ती हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायची राहिली. मी तिच्या हातातून पेन घेतलं, चष्मा पुसला, आणि गुरुजींच्या त्या दोन कोऱ्या ओळींत माझ्या हातानं लिहिलं. माझं अक्षर मोठं. दोन अक्षरांत दोन्ही ओळी भरल्या.